खंड : शून्य मिनिटं

नमनगानला सोमवारी सकाळी नऊ वाजले
आणि परीक्षा उघडली नाही.

जुन्या रेशीमगिरणीच्या हॉलमध्ये
एकशे चौऱ्याऐंशी पोरं,
प्रत्येकाच्या पडद्यावर तीच ओळ :
अजून वेळ झालेली नाही.

मी तळघरात धावले.
स्विच हिरवे. राउटर हिरवा.
कामचिक घाटातून ताश्कंदला जाणारी तार हिरवी,
पुढे कझाक माळ, फ्रँकफर्ट, लंडन, सगळं हिरवं,
आणि पार टोकाला आर्ब्रोथ,
जिथं मासे धुरावर धरतात म्हणे,
जिथलं विद्यापीठ आमच्या पोरांना पदवी देतं
आणि जिथं आमच्यातलं कुणीच गेलेलं नाही.
मी हाक दिली : आहेस का?
एकशे बारा मिलिसेकंदांत उत्तर : आहे.
शंभरदा विचारलं, शंभरदा आहे.
इतक्या इमानानं मला नवऱ्यानंही कधी ओ दिली नाही.

मग फोन. रात्रपाळीला इवेन गेडिस.
सहा वर्षं एकमेकांचे आवाज ओळखतो,
तोंडं नाही.
"तुझ्याकडे किती वाजले?"
"नऊ."
"थांब," म्हणाला, आणि बराच वेळ बोललाच नाही.
मग हळूच, जणू त्यानंच केलं असावं तसं :
"परवा रात्री आम्ही घड्याळं मागे घेतली."

आमच्याकडे घड्याळाला कुणी हात लावत नाही.
ऑगस्टमध्ये तिथल्या कुणीतरी नीट टाइप केलं होतं,
पहाटे पाच, आर्ब्रोथची वेळ.
ऑगस्टमध्ये ते बरोबर होतं.
म्हणजे त्या अख्ख्या बेटानं
एक तास जादा झोपून घेतला
आणि उधारी निघाली ओयगुल खोलमातोवाच्या नावावर,
जी चुस्तहून अंधारात निघून
आठलाच दारात उभी होती.

कुलूप काढायचा हक्क गेडिसला नाही.
तो कुलसचिवांना. कुलसचिव झोपलेत.
"उठवू?"
"ते चष्मा शोधेपर्यंत तुझे दहा वाजतील."
दोघंही गप्प झालो.
तार मात्र एक कण न सांडता
त्याचा श्वास इकडे आणत राहिली.

वर तुर्सुनॉय आपा,
एकेचाळीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेली बाई,
नियमपत्रक वाचत होत्या :
बोलायचं नाही, उठायचं नाही, खायचं नाही.
मध्येच थांबल्या.
पत्रकाची घडी केली, डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सारली
आणि हिरवा चहा मागवला.
नॉन मोडले गेले. कुणाच्या पिशवीतून डाळिंब निघालं,
त्याचे डाग टेबलावर अजून आहेत.
एक जण भिंतीकडे तोंड करून सूत्रं पुटपुटत होता.
एक चक्क घोरत होता.
ओयगुलनं मला विचारलं,
"तिथं आत्ता रात्र ना?"
"चार वाजलेत."
"मग पेपर तपासणार कोण, झोपेत चालणारे?"
हॉल हसला. आपाही.

दहाला ती ओळ आपोआप गेली.
मग फक्त बोटं.
लहानपणी आमच्या खाटेवर रेशमाचे किडे असायचे,
तुतीचा पाला खाताना रात्रभर
अस्साच आवाज.

दुपारी तक्रार बंद करायला बसले.
कारण निवडा : केबल. वीज. उपकरण. वापरकर्ता. इतर.
घड्याळ नव्हतं. इतर.
खंडाचा कालावधी यंत्रानं स्वतःच भरला :
शून्य मिनिटं.
खाली गेडिसची टीप :
मार्चमध्ये उलटं होईल. नऊची परीक्षा आठलाच उघडेल,
हॉल रिकामा असताना. मी आधी फोन करतो.

माणसाचा काय भरवसा.
मी तळघरात जाऊन स्विचशेजारच्या भिंतीवर
पेन्सिलीनं लिहिलं : मार्च.
तिथंच खाली, गिरणीच्या कुणा फिटरचं,
रशियनमध्ये, पुसट :
हा पट्टा सैल पडतो. लक्ष ठेवा.